आतेचे दात

माझं अक्षर बघून कोणी हसू नये म्हणून मी दुपारी लिहिते, घरातली सगळी बाहेर असतात तेव्हा. पहिली ओळ सरळ जाते. दुसरीपासून अक्षरं खाली उतरायला लागतात, चिखलात पाय घसरल्यासारखी. ऱ्हस्व-दीर्घाचं तर मला कधीच उमगलं नाही. आमच्या गावच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते, आणि गुरुजी वेलांट्या शिकवत होते तेव्हा मी बहुधा खाडीकडे बघत बसले असेन. चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने मनातल्या मनात नीट करून घ्यावं. तसं वाचणारं कोणी नाहीच. तरी माफी मागून ठेवलेली बरी.

आमचं गाव नावड्याच्या खालच्या अंगाला, खाडीला लागून. एका बाजूला मिठागरं, एका बाजूला भातशेती आणि मधल्या उंचवट्यावर आमची घरं. तळोज्याला कारखाने उभे राहत होते. कोणाच्या जमिनी सरकारकडे गेल्या, कोणाच्या जायच्या होत्या, यावर पुरुषमाणसं ओटीवर बसून बोलत. मला त्यातलं फार कळत नसे. कळायचं ते घरातलं. बाबा मिठाच्या हंगामात मिठागरावर जायचे आणि एरवी खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचे. आई शेतात, नाहीतर चुलीपाशी. आणि ओटीच्या खांबाला टेकून आते, म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली ती कायमची. पण ती कोणाच्या जिवावर बसली नव्हती. ती जाळी विणायची आणि फाटलेली जाळी सांधून द्यायची. खाडीकाठच्या गावांतून माणसं तिच्याकडे काम घेऊन येत. तिचं लुगडं, तिची तंबाखू, तिची चप्पल, सगळं तिच्या पैशाचं. वर सणाला आईच्या हातावर काहीतरी ठेवायची. आई नको म्हणाली तर म्हणायची, "घे गो. मी भावाच्या घरान हाय, भावाच्या अंगावर नाय."

विणताना जाळ्याचं एक टोक तिच्या पायाच्या अंगठ्यात असायचं आणि दोरा दातात. बांबूची सुई इकडून तिकडे गेली की ती मान मागे घेऊन दोरा ताणायची, गाठ आवळायची आणि पुन्हा मान पुढे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई कोणाला तरी हो हो म्हणतेय. वर्षानुवर्षं दोरा एकाच जागी धरल्यामुळे तिच्या वरच्या पुढच्या दाताला खालून एक खाच पडली होती, करवतीने पाडावी तशी. शेजारची गंगूकाकी तिला चिडवायची, "तुज्या दातान बैलाचं दावं बांधलं तरी सुटनार नाय." आते म्हणायची, "तुजा नवरा बांध. तो सारखा सुटतो."

आम्ही काय खायचो ते आज माझ्या नातीला सांगितलं तर ती नाक मुरडते. तांदळाची भाकरी, भात, आणि खाडीने दिलं असेल ते. चिखलातले निवटे, चिंबोऱ्या, बोय, कोळंबी. काही नसेल तेव्हा सुकट आणि कांदा. तांदूळ घरी कांडलेला, त्यात कोंडा असायचा, कधी बारीक खडा लागायचा. बाबा चिंबोरीचा डेंगा, म्हणजे नांगी, दाढेखाली धरून फोडायचे, त्याचा आवाज बाहेर अंगणात ऐकू यायचा. गोड म्हणजे चहातला गूळ आणि सणाला घरी केलेलं काहीतरी. आणि काटेरी मासे आतेसारखे खाणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. भिंग म्हणून एक मासा असतो, चवीला असा की बोलायला नको, पण आत केसासारखे काटे. आते घास तोंडात घ्यायची, बोलत राहायची, जीभ टाळूला लावून आतल्या आत काहीतरी करायची, आणि थोड्या वेळाने ओठांच्या कोपऱ्यातून काट्यांची जुडी बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवायची. एकही काटा आडवा नसायचा.

मशेरीचंही लिहायला हवं. सकाळी चुलीवर तवा ठेवून तंबाखू भाजली की सगळ्या आळीत तो वास पसरायचा. मग बायका ओटीवर उकिडव्या बसून बोटाने दात घासत राहायच्या, अर्धा अर्धा तास. त्यांच्या साऱ्या गप्पा तेव्हाच व्हायच्या. आते दिवसातून किती वेळा मशेरी लावायची याचा हिशोब नव्हता. काम थांबलं की मशेरी, राग आला की मशेरी. मलाही लहानपणी एकदा लावून दिली होती. मला चक्कर आली, म्हणून माझी सुटका झाली.

मी सोळा-सतराची असताना कळंबोलीच्या नव्या वसाहतीत एका दातांच्या डॉक्टरबाईंनी दवाखाना काढला. खालच्या मजल्यावरची एक खोली, मधे पडदा, पडद्यामागे ती मागे कलणारी खुर्ची. त्यांना झाडलोट करायला, हत्यारं उकळून ठेवायला मुलगी हवी होती. मी माणसांना फार लाजायची. कोणी नाव विचारलं तरी मान खाली जायची. आई म्हणाली, "ही कसली नोकरी करतेय." पण मी एक दिवस जाऊन बघितलं आणि मला ते काम आवडलं. तिथे आलेला माणूस आ करून बसतो. त्याला काही विचारता येत नाही आणि आपल्याला काही सांगावं लागत नाही. त्याहून चांगली नोकरी मला कुठे मिळाली असती?

डॉक्टरबाई तिशीच्या आतबाहेरच्या होत्या. मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या, बौद्ध घरातल्या. वडील कारकून होऊन मुंबईकडे आले म्हणून त्या शिकल्या. उंच, सावळ्या, हसायला लागल्या की थांबायच्या नाहीत. पण हसताना हात तोंडापुढे धरायच्या. मी आधी म्हटलं, ही शिकलेल्या बायांची रीत असेल. नंतर दिसलं, त्यांच्या पुढच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते, चहा सांडून वाळल्यासारखे.

दुपारी पेशंट नसले की त्यांना बोलायला कोणीतरी लागायचं आणि मी होते. एखादा पेशंट गेला की त्या पडदा सारून म्हणायच्या, "चांगुणा, ह्या माणसाचं गाव कोणतं असंल, सांग." मला काय माहीत. मग त्या सांगायच्या. दाढा सपाट झिजल्यात पण किडल्या नाहीत, म्हणजे जात्यावरच्या पिठाची ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेला, पिठातून दगडाची कणी जाते आणि दाढा घासत राहते. पुढच्या दाताच्या कडेला बारीक खाच पडलीय, म्हणजे शिंपी, सुई दातात धरतो. जवळच्या लोखंड बाजारातले ट्रकवाले यायचे, त्यांचे दात बाभळीच्या नाहीतर कडुलिंबाच्या काडीने घासून घासून हिरडीपाशी खाचलेले. तळोज्याच्या कारखान्यात तेजाबाच्या टाकीवर काम करणारा एक तरुण आला होता, त्याच्या पुढच्या दातांच्या कडा विरघळून आखूड झाल्या होत्या. त्याला बाईंनी सांगितलं, तोंड बंद ठेवून काम कर आणि साहेबाच्या मागे लागून दुसऱ्या खात्यात बदली घे. आणि सगळ्यात जास्त रडकी पोरं यायची ती वसाहतीतली, चांगल्या घरची. बिस्किटं आणि गोळ्या खाऊन त्यांच्या दुधाच्या दातांचे काळे खुंट झालेले. आमच्या गावातली पोरं तशी येत नसत. त्यांना गोळीला पैसे कोण देणार? पुढे दुकानं गावापर्यंत आली, तेव्हा तीही यायला लागली.

हळूहळू मलाही दिसायला लागलं. अजूनही मी माणसाचं तोंड बघते. इथे करंजाड्याला आमच्या सोसायटीच्या जिन्यात कोणी हसून बोललं की मला आधी दात दिसतात, मग माणूस. सून म्हणते, आई, असं टक लावून बघू नका लोकांकडे. नातीच्या दातांना तारा लावल्यात. तिचा जबडा लहान आणि दात मोठे. आमच्या वेळी असं कमी असायचं. डॉक्टरबाई म्हणायच्या की लहानपणी चावून खाल्लं की जबडा नीट वाढतो. नातीला मी भाकरी चावायला सांगते, ती पाव खाते.

एकदा धीर करून मी बाईंना त्यांच्या दातांचं विचारलं. मी आपणहून त्यांना विचारलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट असेल. त्यांनी तोंडापुढचा हात काढला. म्हणाल्या, "आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती. खोल, आणि पाणी लई जड. पोराचे दात हाडात तयार होत असतात तेव्हाच ते पाणी त्यात उतरतं, मग कितीही घासा, जात नाही. गावातली विहीर दुसरी होती, गोड पाण्याची. गावातल्या पोरींचे दात पांढरे आणि आमचे असे. शाळेत तोंड उघडलं की कोण कुठल्या विहिरीचं, ते कळायचं." एवढं सांगून त्या हत्यारं पुसायला लागल्या. मला बोलता येत नव्हतं आणि त्या दिवशी तेच बरं झालं.

त्याच सुमाराला आतेचे दात दुखायला लागले. दुखणं जुनं असणार, पण ती सांगायची नाही, लवंग धरायची, मशेरी वाढवायची. एका सकाळी तिने नेहमीसारखा दोरा दातात धरून मान मागे घेतली आणि तो खाचेचा दात दोऱ्याबरोबर हलला. तिने दोरा तोंडातून सोडला. मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. वाटेत ती म्हणत होती, "मी तोंड नाय उघडनार. बाईमानसानं असं आ करून बसायचं काय?"

डॉक्टरबाईंनी आरशाने बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिल्या. मला जवळ बोलावलं. "बघ, दाताला कीड नाही. एकालाही नाही. काय दात आहेत. आणि हिरड्या बघ, मशेरीने पार सोडून दिल्यात. भक्कम खांब आणि खालची जमीनच गेलेली." मग आतेला म्हणाल्या, "आत्याबाई, ह्या खाचेत काय धरता, दोरा?"

आतेने तोंडातला आरसा हाताने बाजूला केला आणि माझ्याकडे बघितलं. "तू सांगितलंस काय गो इला?"

"मी नाय सांगितलं."

"तुमच्या दातानंच सांगितलं," बाई म्हणाल्या. आतेला ते आवडलं. तिने पुन्हा तोंड उघडलं.

वरचे दात जवळजवळ सगळे काढावे लागले. मागच्या दोन दाढा, एक उजवीकडे आणि एक डावीकडे, तेवढ्या घट्ट होत्या, त्या राहिल्या. एकदम नाही काढले, येत जात काढले. आतेने एकदाही हूं केलं नाही. मशेरीही सोडली. डबा उचलला आणि गंगूकाकीला देऊन टाकला. पण दात गेल्यावर ती बदलली. भाकरी तुटेना. आई तिला पेज करून द्यायची, मऊ भात द्यायची, सुकट कुटून द्यायची. ती आमच्याबरोबर ताटावर बसायची बंद झाली. सगळ्यांचं झाल्यावर चुलीकडे तोंड करून पेज प्यायची. जाळं हातात घ्यायची, मान मागे घ्यायची, आणि तोंडात काही नाही हे आठवून खाली ठेवायची. गळ्याची हाडं दिसायला लागली. हातातलं चांदीचं कडं कोपराकडे सरकायला लागलं. बाबा एकदा ओटीवर बसून कोणाला तरी सांगत होते, "बाय हा पावसाला काढते का नाय." मी ते आतून ऐकलं.

मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, कवळी करू. पण ती मुंबईला कारागिराकडे करायला द्यावी लागते, त्याचे पैसे लागतात. माझी फी नको, कारागिराचे मी भरते, तुम्हाला जमतील तसे द्या. आतेला हे सांगितलं तेव्हा तिने दोन प्रश्न विचारले. किती? आणि कोनाचं? बाईंचे, म्हटलं. ती म्हणाली, "बरं. फेडीन मी."

कवळी आली. आतेने घातली आणि आरशात बघितलं. "ही कोना शेठानीची बत्तीशी हाय," ती म्हणाली. दात पांढरेशुभ्र होते, तिच्या तोंडात कोणीतरी दिवा लावल्यासारखे. आळीतल्या बायका बघायला आल्या. गंगूकाकी म्हणाली, "आता तुजं लगीन लावूया." आते मनापासून हसली, खूप दिवसांनी. दुसऱ्याच दिवशी तिने जाळं घेतलं, दोरा दातात धरला, मान मागे घेतली, आणि मान मागे गेली पण कवळी दोऱ्याबरोबर पुढे येऊन जाळ्यात पडली. बाबा तिथेच जेवत होते. ते म्हणाले, "आज काय, बत्तीसदाती मासा गावला काय?" आई पदर तोंडात धरून आत पळाली. त्या दिवसापासून आतेने खांबाला एक खिळा ठोकून घेतला आणि दोरा त्याला अडकवून ताणायला लागली. काम हळू चालायचं, पण चालायचं.

जेवायला बसली की मात्र ती कवळी काढून वाटीत ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, "काटा समजत नाय. टाळूवर फली मारल्यासारखं वाटतं." मला ते पटलं. कवळीची वरची पट्टी पूर्ण टाळू झाकायची. तिची जीभ काटे शोधायची ती टाळूवरच. मी जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, काटे जिभेने काढतात म्हणजे कसे? मी करून दाखवलं. त्यांनी स्वतः करून बघितलं, पुन्हा मला करायला लावलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे वर्षातून एकदा मासा, तोही पोहोचेपर्यंत वास मारायचा. मला हे सुचलंच नसतं." त्यांनी कवळी पुन्हा मुंबईला पाठवली. मधला टाळूचा भाग कापून घोड्याच्या नालासारखी करून घेतली, आणि त्या राहिलेल्या दोन दाढांना धरून राहील अशा तारा लावल्या. दातही थोडे पिवळट लावून घेतले, आतेनेच सांगितलं होतं, "जरा मलके करा गो, मी घरातलीच वाटली पायजे." कारागिराचे पैसे अर्थातच वाढले.

आता टाळू मोकळा होता. कवळी हलत नव्हती. आते ती घालून लग्नाला गेली, हळदीला गेली, गाणी म्हणाली. आणि जेवायला बसली की काढून वाटीत. पेज, मऊ भात, कुटलेली सुकट. विचारलं की म्हणायची, "लागतं." बाईंनी बोलावून घेतलं, कुठे लागतं ते बघितलं, कुठेच लालसर नव्हतं, तरी जरा घासून दिली. पुन्हा तेच. पुन्हा बोलावलं. तिसऱ्या वेळी बाईंनी घासली नाही. नुसती हातात धरून बघत बसल्या.

एका रविवारी त्या आपणहून आमच्या घरी आल्या. चालत, साडीला चिखल लागलेला. मला वाटलं, भूमी दुभंगेल तर बरं. आईने ओटीवर चटई टाकली, चहा केला. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि लगेच प्यायल्या नाहीत. जेवायची वेळ झालीच होती. बाबांनी बोय आणली होती. आईने त्यांना जेवायचा आग्रह केला, त्या बसल्या. आतेही बसली, आणि सवयीने हात तोंडाकडे गेला, कवळी निघाली आणि वाटीत पडली.

डॉक्टरबाईंनी ताट बाजूला सारलं नाही, पण घासही घेतला नाही. अगदी हळू, कोणाकडे न बघता म्हणाल्या, "आत्याबाई, एक विचारू? राग नका मानू. माझ्या हातची आहे म्हणून का?"

मला तेव्हा ती विहीर आठवली, आणि कळलं की बाईंनी हा प्रश्न आमच्या घरापर्यंत चालत येताना सगळ्या वाटभर तोंडात धरला होता. आमच्या गावात असं काही नव्हतंच असं मी म्हणणार नाही. बाई कोणाच्या आहेत हे विचारणारी माणसं होती, आणि मी तिथे पाणी पिते का, हेही त्यांनी आईला विचारलं होतं.

आतेला प्रश्न समजायलाच वेळ लागला. समजल्यावर तिने कपाळावर हात मारला.

"अगो बया. तुज्या हाताची? तुजा हात माज्या तोंडान कोपरापतुर गेला, तवा नाय बाटली, आन आता बाटनार?"

"मग?"

"पैसं कुटं फिटलं तुजं?"

बाईंना कळेना. मलाही कळेना. आतेने मग सांगितलं, लहान पोराला सांगतात तसं. फेडलेलं नसलं तर ते आपलं नाही. जे आपलं नाही ते मिरवायला चालतं, शेजारणीचा हार नाही का आपण लग्नाला घालत? पण त्याने जेवायचं नाही. उधारीच्या भांड्यात खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही, ते भांडेवाल्याच्या अंगी जातं. तिची आई तसंच सांगायची. नवं भांडं सुद्धा पैसे चुकते होईपर्यंत फळीवर पालथं असायचं. "हे तर दात हायत. यानी खाल्लं तं सगलं तुज्याच अंगी लागल गो," ती म्हणाली आणि बाईंकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तशी तू वालली हायसच. पन मी काय खाऊ मंग?"

डॉक्टरबाई आधी हसल्या की रडल्या, ते मला नक्की सांगता येणार नाही. हात तोंडापुढे नव्हता. म्हणाल्या, "मग मी माफ केले पैसे. झालं. आता जेवा."

"माफ केलंस तर ते कधीच माजं होनार नाय," आते म्हणाली. "बस, जेव. मासा निवतो."

बाई जेवल्या. काटा त्यांना काढता येईना, तेव्हा आते त्यांच्या शेजारी सरकून बसली आणि बोटांनी बोय सोलून त्यांच्या ताटात ठेवत राहिली. स्वतः पेज प्यायली.

त्यानंतर घरात एकच काम होतं, बाईंचे पैसे फेडायचं. माझ्या पगारातले जे होतील ते, आणि आतेच्या जाळ्याचे. बाबांनी काही द्यायचं म्हटलं तर तिने घेतलं नाही. माझे घेतले, कारण मी बाईंकडे काम करते, तेव्हा ते त्यांच्याच घरचे, असा काहीतरी तिचा हिशोब होता. खिळ्यावर दोरा ताणून ती दिवस उगवल्यापासून विणायची. बाजारात तयार नायलॉनची जाळी यायला लागली होती, तरी जुनी माणसं तिच्याकडेच यायची. मला मात्र धीर नव्हता. पैसे फिटेपर्यंत ती टिकेल का, याचीच मला काळजी. मी दवाखान्यात फरशी पुसता पुसता देवाला सांगायची, एवढं एक जाळं विकलं जाऊ दे. डॉक्टरबाईही महिना संपायच्या आधीच विचारायच्या, "आत्याबाईंचं जाळं झालं का गं?" जाळं झालं की त्याला गिऱ्हाईक त्याच शोधायच्या. वसाहतीतल्या एका गृहस्थाने, ज्याने जन्मात खाडी बघितली नव्हती, बाईंच्या सांगण्यावरून एक पाग विकत घेऊन दिवाणखान्याच्या भिंतीवर लावला. आतेला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "भिंतीवर काय गावनार हाय त्याला? पाल?"

शेवटचे पैसे द्यायला ती स्वतः आली. पदराला गाठ मारून, नवं लुगडं नेसून, कवळी घालून. बाहेर बाकावर दोन पेशंट बसले होते, गालावर हात ठेवून. आते सरळ पडद्याआड गेली. बाईंनी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. गाठ सोडून तिने नोटा आणि चिल्लर टेबलावर ठेवली, चापूनचोपून सारखी केली आणि बाईंच्या बाजूला सरकवली. "मोज."

"राहू द्या हो, बरोबरच असणार."

"मोज गो. न मोजता घेतलेलं फिटत नाय."

बाईंनी मोजले. सावकाश, आतेला ऐकू येईल असे, एकेक नाणं बाजूला सारत. मग ड्रॉवर उघडून आत ठेवले आणि ड्रॉवर बंद केला.

"फिटलं?" आतेने विचारलं.

"फिटलं, आत्याबाई. पूर्ण फिटलं."

आतेने कमरेचा कागदाचा पुडा काढला. त्यात निखाऱ्यावर भाजलेला एक सुका बोंबील होता, घरून निघतानाच भाजून घेतलेला. लवंगेच्या तेलाच्या आणि स्पिरिटच्या वासात त्याचा वास मिसळला आणि बाकावरच्या पेशंटांनी माना वळवल्या. तिने तो आडवा धरला, पुढच्या दातांत घेतला आणि कटकन तोडला. डोळे मिटून, दोन्ही गालांनी, बराच वेळ चावत राहिली. आम्ही दोघी उभ्या राहून बघत होतो. मग तिने उरलेला तुकडा मोडला आणि अर्धा डॉक्टरबाईंच्या हातावर ठेवला.